पोटोबाला दिवस गेले

आमच्या मत्स्यालयात शाळेची सहल आली की मी मुलांना दारातच विचारते, "पिल्लू कुणाच्या पोटात असतं?" सगळी एका सुरात ओरडतात, "आईच्या!" मी म्हणते, "असं का? चला, बघू या." आणि त्यांना आत घेऊन जाते. मुलं मला मासेबाई म्हणतात. माझी काही तक्रार नाही. लग्नानंतर लोकांनी मला जी नावं ठेवली, त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

पहिली टाकी तारामाशांची. मी सांगते, यांच्यातल्या काही जातींत हात तुटला तर त्या तुटक्या हातातूनच अख्खा नवा तारामासा उगवतो. आई नाही, बाबा नाही, नुसता हात. हे ऐकलं की मुलं आपापले हात चाचपून बघतात. पुढची टाकी समुद्रफुलांची. ती फुलं नव्हेत, प्राणीच आहेत, आणि कंटाळा आला की मधोमध फाटून एकाची दोन होतात. कंटाळा हा शब्द माझा. मग ते पांढऱ्या पट्ट्यांचे केशरी मासे, ज्यांच्यात घरातली मोठी मादी मेली की तिचा नवराच काही दिवसांत मादी होतो आणि अंडी घालायला लागतो. इथे शिक्षकांना हमखास खोकला येतो. ऑक्टोपसची टाकी मी जरा लवकर उरकते. ती आई अंड्यांपाशी बसून राहते, खात नाही, पीत नाही, आणि पिल्लं बाहेर पडली की मरते. एवढं सांगायचं आणि पुढे सरकायचं.

कुणीतरी विचारतंच, "एवढे प्रकार कशाला?" मी म्हणते, "अरे, ज्याला जे जमलं ते त्यानं केलं. ज्यांचं टिकलं ते उरले. कुणी बैठक घेऊन ठरवलं नाही."

शेवटची टाकी समुद्रघोड्यांची. तिथे मी मुलांना पुन्हा तोच प्रश्न विचारते आणि मग सांगते, की इथे पिल्लं बाबांच्या पोटात असतात. मादी अंडी देते, नर ती पोटावरच्या पिशवीत घेतो, वाढवतो, आणि दिवस भरले की कळा देऊन पिल्लं बाहेर सोडतो. मुलं खो-खो हसतात. आणि दर खेपेला एखादी चुणचुणीत मुलगी विचारते, "मग आई काय करते?"

"आई फिरायला जाते," मी म्हणते. याला सगळ्यात जास्त हशा पडतो.

टाक्यांचा पुढचा भाग माझा आणि मागचा भाग माझ्या नवऱ्याचा. पुढून सगळं निळं आणि शांत दिसतं. मागे एक अरुंद बोळ आहे, कायम ओला. तिथे पंपांची घरघर, बादल्या, नळ्या, वाळत घातलेले पंचे आणि मिठाची पोती. माझा नवरा दिवसभर तिथे असतो. पाणी मिसळतो, खारटपणा मोजतो, काचा पुसतो, आणि आजारी मासा वेगळा काढून त्याच्यापाशी बसतो. सगळे त्याला टाकीवाले म्हणतात. बोलायला महाग. माशांशी बोलतो की नाही हे मी कधी चोरून ऐकलेलं नाही, पण माणसांपेक्षा जास्त बोलत असावा.

सात समुद्रघोडे होते त्यांतला सगळ्यात मोठा नर म्हणजे पोटोबा. नाव नवऱ्यानंच ठेवलं. खरं तर या प्राण्याला जठरच नसतं. खाल्लेलं सरळ पुढे जातं, म्हणून बिचारा दिवसभर खात असतो. नवरा लांब काचेच्या नळीतून त्याला एकेक बारीक कोळंबी भरवायचा आणि तो नळीच्या तोंडाशी आ करून थांबायचा. सासूबाई एकदा बघायला आल्या होत्या. म्हणाल्या, "तुलाही मी इतक्या लाडानं भरवलं नव्हतं रे."

पोटोबाची एक मादी होती. रोज सकाळी दिवे लागले की ती टाकीच्या दुसऱ्या टोकाकडून यायची, दोघं रंग बदलून उजळ व्हायचे, शेपटीत शेपूट अडकवून गवताभोवती दोन फेऱ्या मारायचे, आणि मग ती आपल्या वाटेनं निघून जायची. नवरा कामावर घाईनं का जातो, हे मला लग्नानंतर बऱ्याच उशिरा कळलं. त्याला तो नाच चुकवायचा नसायचा.

एके दिवशी मी तिकीट खिडकीपाशी उभी होते. नवरा ओल्या हातांनी, पायातले रबरी बूट फटफट वाजवत धावत आला.

"दिली! अगं, तिनं दिली! मी स्वतः बघितलं!"

"काय दिली?"

"अंडी! पोटोबाला दिवस गेले!"

तिकीट काढायला उभे असलेले दोन आजोबा एकमेकांकडे बघायला लागले. मला हसू आलं, पण त्याचा चेहरा बघून ते थांबलं. तो चेहरा मी यापूर्वी एकदाच पाहिला होता.

आम्हाला तीनदा राहिलं आणि तीनदा गेलं. पहिल्या दोघांना नाव द्यायलाही सवड मिळाली नाही. तिसऱ्या खेपेला डॉक्टरीण बाई म्हणाल्या होत्या, "आत्ता वाटाण्याएवढं आहे," म्हणून आम्ही त्याला वाटाणा म्हणायला लागलो. पुढे तो लिंबाएवढा झाला, लिंबाहून मोठा झाला, तरी वाटाणाच. मग एका तपासणीला मशीनवाली बाई बोलता बोलता गप्प झाली. मशीनचं टोक पोटावर फिरवत राहिली. शेवटी तिनं पडदा आमच्याकडे वळवला. काही सांगायची गरजच उरली नाही.

त्यानंतर बायकांची रीघ लागली. आई आली, मावशी आली, शेजारीण आली, कामावरच्या सगळ्या आल्या. प्रत्येकीनं मला जवळ घेतलं. डॉक्टरीण बाईंनी माझा हात धरून सांगितलं, "हे बघ, होतं. खरंच होतं. राहिलं नाही, एवढंच. तुझं काही चुकलं नाही." ते शब्द मी कितीतरी दिवस उशाशी घेऊन झोपले. नवऱ्याला ज्यानं त्यानं एकच सांगितलं, "तिला सांभाळ." आणि त्यानं मला सांभाळलं. औषधं दिली, केस विंचरून दिले, भांडी घासली. रडला नाही.

काही महिन्यांनी डॉक्टरीण बाई म्हणाल्या की अजून एकदा प्रयत्न करायला हरकत नाही. बाहेर पॅसेजमध्ये आल्यावर मी म्हणाले, "नको. मला आता नको." तो म्हणाला, "बरं." आणि गाडी काढायला गेला. बस, तेवढंच. पुन्हा त्यानं कधी तो विषय काढला नाही. मी किती दिवस वाट बघत होते की हा भांडेल, विचारेल, निदान का म्हणेल. याचं आपलं 'बरं'. त्या एका 'बरं'वर मी मनातल्या मनात इतकी भांडणं केली आहेत की सांगता सोय नाही. मला वाटलं, याला तसं फारसं हवंच नव्हतं. असतं एकेकाचं.

त्याच दिवसांत कधीतरी तो सुईमाशांची टाकी धूत होता आणि मी त्याला डबा द्यायला मागच्या बोळात गेले होते. सुईमासे म्हणजे समुद्रघोड्यांचे चुलत भाऊ, ताणून सरळ केल्यासारखे. त्यानं मला हातानं जवळ बोलावलं.

"हे बघ. याच्या पोटाला खालून अंडी नुसती चिकटवलेली आहेत. उघड्यावर. आणि तो पलीकडचा बघ, वेगळ्या जातीचा. त्याच्या कातडीला दोन्ही बाजूंनी कड आलीये, अंडी झाकायला. आणि आपल्या पोटोबाला तर थेट पिशवी. आत रक्त खेळतं, बाळांना श्वास मिळतो, सगळं."

"म्हणजे आधी उघड्यावर, मग आडोशाला, मग घरात," मी म्हणाले.

"हो ना. कुठल्या तरी बापानं आधी नुसतं कडेवर घेतलं असणार."

"आणि पिशवी यायला किती वर्षं लागली?"

"कोट्यवधी."

"अगं बाई!"

"म्हणजे माझं काही खरं नाही," तो म्हणाला आणि हसला. मीही हसले आणि डबा ठेवून पुढे निघून आले. तेव्हा मला तो नुसता विनोद वाटला.

पोटोबाची बातमी आमच्या मोठ्या बाईंच्या कानावर गेली. मोठ्या बाई म्हणजे मत्स्यालयाच्या प्रमुख. उत्साहाला उधाण आलं की त्यांना आवरणं कठीण. दुसऱ्याच दिवशी दारात भला मोठा फलक लागला, 'आमच्याकडे बाबा बाळंत होणार!' खाली पोट धरून उभ्या असलेल्या समुद्रघोड्याचं चित्र. लोक खरंच गर्दी करायला लागले. समुद्रघोड्यांच्या टाकीपुढे दोरी बांधावी लागली.

नवऱ्याला तर दुसरं काही सुचत नव्हतं. समुद्रघोड्याची पिल्लं नखाएवढी असतात, कोपऱ्यात अडकतात, पृष्ठभागावर येऊन हवा गिळतात आणि तशीच तरंगत मरतात. म्हणून त्यानं एक गोल टाकी बनवली. कोपरा नाही, पाणी हळूहळू गोल फिरत राहतं. तिच्या काठाला आतून हात फिरवून बघायचा, कुठे काही खरखरीत तर नाही ना. पिल्लांना खायला धुळीएवढी कोळंबी लागते, तिची अंडी रोज संध्याकाळी भिजत घालायचा आणि रोज सकाळी उबलेली फेकून पुन्हा नवी घालायचा, कारण पिल्लं कधी येतील याचा नेम नाही आणि आली की ताजंच हवं.

घरी सासूबाई रोज विचारायच्या, "काय म्हणतो तुमचा गरोदर बाप्या? डोहाळे लागले का?" तो खुलून सांगायचा, आज इतकं खाल्लं, आज पोट असं दिसत होतं. जेवताना एवढा बोलणारा नवरा मी त्याआधी पाहिला नव्हता. मला आनंद व्हायचा आणि त्याच घासाला एक प्रश्नही पडायचा. आमच्या वेळी हा इतकं बोलला होता का? आठवायचं आणि सोडून द्यायचं.

दिवस भरायला आले. पोट चांगलं टरटरीत दिसायला लागलं. नवरा पहाटेच जायला लागला. दिवस भरले, वर चार झाले, आठ झाले. "घेतात कधी कधी वेळ," तो म्हणायचा. मोठ्या बाई दिवसातून तीनदा डोकवायच्या.

एका दुपारी मी मुलांना टाकीपुढे उभं करून नेहमीचं बोलत होते. पोटोबानं गवताला शेपटीचा विळखा घातला होता, पण नेहमीपेक्षा घट्ट धरून बसला होता, वाऱ्यात छत्री धरावी तसा. तेवढ्यात विळखा सुटला. आणि पोटोबा खाली बसण्याऐवजी वर गेला. शेपूट वर, डोकं खाली, हळूहळू, नको असताना वर. पाण्याच्या तोंडाशी जाऊन टेकला आणि मग धडपडत पुन्हा खाली यायला लागला.

"बाई, तो का उलटा झाला?" एका मुलानं विचारलं.

"खेळतोय," मी म्हणाले. आणि मुलांना बाहेरच्या दाराकडे वळवलं.

जड झालेलं कुणी तरंगत नाही. नऊ महिन्यांची बाई जिन्यावरून उडत जात नाही. पोटात पिल्लं असती तर तो खाली बसला असता, गवताच्या बुडाशी. त्याच्या पिशवीत हवा भरली होती. हा आजार आम्हाला ठाऊक होता. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका नराला झाला होता, आणि तो नवऱ्यानंच ओळखला होता, लांबून, एका नजरेत. आता तोच माणूस काचेला नाक लावून बसत होता आणि त्याला दिसत नव्हतं.

संध्याकाळी मी मुद्दाम विचारलं, "पोटोबा जरा वरवर येतो, नाही?"

"अवघडलाय गं. दिवस भरलेत."

"खातोय का?"

"शेवटी शेवटी कमी होतंच खाणं." तो बूट काढत होता. माझ्याकडे बघितलं नाही.

सांगणं भाग होतं. हवा काढली नाही तर पोटोबा खाऊ शकणार नव्हता आणि चार दिवसांत मेला असता. पण सांगणार कोण? गाईगुरांचे डॉक्टर आमच्याकडे आठवड्यातून एकदा येत. पहिल्यांदा त्यांना 'घोडा आजारी आहे' म्हणून बोलावलं होतं आणि ते मोठी सुई घेऊन आले होते, ही आमच्याकडची नेहमीची गंमत. तेही बाहेरगावी होते. उरले मी. पॅसेजमध्ये उभं राहून 'नको' म्हणणारी मीच, आणि आता हेही मीच हिसकावून घ्यायचं? त्या मशीनवाल्या बाईनं पडदा वळवला होता तसा आता मी त्याच्यापुढे वळवायचा होता. त्या बाईचा मला इतके दिवस राग होता. त्या संध्याकाळी पहिल्यांदा तिची दया आली.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. सासूबाई आणि मी स्वयंपाकघरात बसून भाजी निवडत होतो. त्या म्हणाल्या, "काय बिनसलंय?" मी सगळं सांगून टाकलं. हवा, पिशवी, नवरा, सगळं. त्या निवडत राहिल्या.

"तू त्याला कधी विचारलंस?" थोड्या वेळानं त्या म्हणाल्या.

"काय विचारायचं?"

"त्याला काय झालं ते. तुझं गेलं तेव्हा." त्यांनी हातातली शेंग ताटात टाकली. "राग मानू नको हं. तुझ्या दुःखाला सगळ्यांनी खुर्ची दिली. द्यायलाच हवी होती, मीही दिली. पण माझ्या पोराला कुणी बस म्हणालं नाही. मी पण नाही. तो आपला उभाच आहे."

मी हातातली भाजी खाली ठेवली.

"आणि या घरात वाटाणे आणायचे का बंद झाले," त्या म्हणाल्या, "ते मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पण मी काही आंधळी नाही. आधी त्यानंच बंद केले. बाजारात तोच जातो ना?"

मी चपला घातल्या. इतके दिवस मला वाटत होतं की वाटाणे घरात येत नाहीत ते माझ्या नशिबानं. बरं झालं, आणत नाही, असं म्हणायचे मनात. त्याला ते नाव आठवत असेल, हेही माझ्या मनात आलं नव्हतं.

मी पोहोचले तेव्हा मत्स्यालय बंद व्हायची वेळ झाली होती. मागच्या बोळात नवरा टाकीवर वाकून उभा होता. हातात काचेची नळी, नळीच्या टोकाशी कोळंबी. पोटोबा पाण्याच्या तोंडाशी आडवा तरंगत होता, एक डोळा पाण्याबाहेर. नळी तोंडाशी आली तरी त्याला वळता येत नव्हतं.

"खा ना," नवरा म्हणत होता. "खा रे राजा. थोडंसं."

मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. "ऐक," मी म्हणाले. "तो अवघडलेला नाही."

त्यानं नळी आणखी पुढे सरकवली.

"आत हवा आहे. तुला माहीत आहे."

त्यानं नळी पाण्यातून काढून बाजूला ठेवली. मग तो म्हणाला, "माहीत आहे. परवापासून माहीत आहे." आणि मग, "मी तिला अंडी देताना बघितलं होतं गं. डोळ्यांनी बघितलं होतं."

डॉक्टरांना फोन लावला. ते कुठल्याशा गोठ्यात होते, मागे गाय हंबरत होती. त्यांनी सगळं नीट सांगितलं. पाण्यातच उभा धरा, डोकं वर. मऊ बारीक नळी पिशवीच्या तोंडातून आत, अगदी थोडी. मग बाजूनं हलकेच दाबा. "आणि बरोबर काही पांढुरकं आलं तर दचकू नका," ते म्हणाले. "गर्भ धरून मग राहिला नसेल तर आत कुजतो, त्याचीच हवा होते. होतं असं."

नवऱ्यानं दोनदा पोटोबाला धरलं आणि दोनदा तो हातून निसटला. हे हात सुईएवढ्या माशाच्या कल्ल्यातून जंत काढतात, कधी चुकत नाहीत. मी बाह्या वर केल्या आणि पाण्यात हात घातले. पोटोबा माझ्या तळव्यात आला. वजन असं काही नाहीच. पण शेपटीनं त्यानं माझी करंगळी धरली, घट्ट. लहान मूल धरतं तशी, असं मी म्हणणार होते, पण ते मला कुठून माहीत असणार?

"मी धरलंय," मी म्हणाले. "तू कर."

त्यानं नळी आत घातली आणि अंगठ्यानं दाबलं. एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग पुष्कळ, बारीक बारीक, रांगेनं. पोट खाली बसत गेलं. आणि शेवटी पांढुरके दोन-चार कण आले, शिजलेल्या तांदळाच्या कण्यांसारखे. एकाला काळा ठिपका होता, डोळ्याच्या जागी. पाण्यात गोल फिरले आणि खाली बसले.

आम्ही दोघांनी ते बघितलं.

मी पोटोबाला सोडलं. तो खाली गेला, दोन दिवसांत पहिल्यांदाच सरळ, आणि गवताला विळखा घालून बसला. नवरा तसाच उभा होता. हातातून पाणी गळत होतं. मी एक बादली पालथी घातली आणि म्हणाले, "बस."

तो बसला. मी त्याच्यापुढे उकिडवी बसले आणि त्याचे ओले हात हातात घेतले.

"हे बघ," मी म्हणाले. "होतं. खरंच होतं. राहिलं नाही, एवढंच. तुझं काही चुकलं नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा असा काही मोडला की मी तसा कधी पाहिला नव्हता. तो मोठ्यानं रडला. पंप चालू होते म्हणून, नाहीतर चौकीदार धावत आला असता.

"मी घेतलं असतं गं," तो म्हणाला. "तुझ्याऐवजी. पोटात, पाठीवर, कुठेही चिकटवलं असतं. मला घेता आलं असतं तर तुला काही व्हायचं कारणच नव्हतं."

"माहीत आहे."

"तू नको म्हणालीस. मी काय बोलणार? अंग तुझं. दुखणार तुला. मला हवंय असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?"

"म्हणायचं होतंस रे," मी म्हणाले, आणि आता मीही रडत होते. "मी पुन्हा रिकामं होणं नको म्हणाले. मूल नको असं मी कधी म्हटलं? मला इतकं हवं होतं. मला अजून इतकं हवं आहे."

त्या दिवशी आम्ही पुढचं काहीच ठरवलं नाही. घरी गेलो. सासूबाईंनी दोघांचे डोळे बघितले आणि ताटं वाढली. नवऱ्याला म्हणाल्या, "बस."

सकाळी मी त्याच्याबरोबरच निघाले. दारातला फलक त्यानंच काढला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला. दिवे लावले. पोटोबा गवताच्या बुडाशी होता, पोट सपाट, रंग फिका. आम्ही बोळात न जाता पुढच्या बाजूनं, दोरीच्या आत, जमिनीवर बसलो.

थोड्या वेळानं टाकीच्या दुसऱ्या टोकाकडून ती आली. रोजच्यासारखी. त्याच्यापुढे थांबली आणि उजळ झाली. तो हलला नाही. ती थांबून राहिली. मग त्यालाही हळूहळू रंग चढला, आणि दोघं शेपटीत शेपूट अडकवून गवताभोवती फिरायला लागले.

"तिला कळलं असेल का?" नवऱ्यानं विचारलं.

"कळो न कळो. आली ना?"

मुलांना मी इतकी वर्षं काय सांगत आले होते, ते मला आठवलं. आई फिरायला जाते. आज मला कुणी विचारलं तर मी तसं सांगणार नव्हते.

बाहेर शाळेची गाडी आल्याचा आवाज झाला. मुलांचा कलकलाट दारापर्यंत आला. नवऱ्यानं काचेवरची नजर काढली नाही.

"वाटाणा," तो म्हणाला. इतक्या दिवसांनी ते नाव घराबाहेर, उजेडात. "वाटाणा आता चालायला लागला असता."

"चालायला?" मी म्हणाले. "पळायला लागला असता. तुला हातसुद्धा धरू दिला नसता."

त्यानं वळून माझ्याकडे बघितलं. "तू पण मोजतेस?"

"रोज," मी म्हणाले.